शेपटी हलत नाही, पाय टिकत नाहीत: घरच्या मऊ लुअरचं जोडकाम

तुमचा प्रश्न असा आहे: प्लास्टरच्या साच्यात गांडुळासारखं साधं, सरळ मऊ प्लास्टिकचं लुअर, म्हणजे मासेमारीत गळाला लावायचं नकली आमिष, घरी नीट ओतता येतं. आता त्याला शेपटी आणि पाय हवेत. साच्यात पायांच्या खाचा कोरल्या तर त्या भरत नाहीत, पाय अर्धवट निघतात. वेगळे करून सुपरग्लूने चिकटवले तर दोन-चार फेकींत गळून पडतात. आणि शेपटी जागेवर राहिली तरी पाण्यात हलत नाही, काठी ओढल्यासारखी मागून येते. चुकतंय कुठे?

तक्रारी तीन दिसतात, खोट एकच आहे. सगळं लुअर एकाच प्लास्टिकचं आणि एकाच ओतात व्हावं हा हट्ट. अंगाला वजन लागतं, शिवाय गळ धरून ठेवायची ताकद लागते. शेपटीला लवचीकपणा हवा. पाय तर नुसते लिबलिबीत हवेत, पाण्याने फुंकर घातली तरी हलले पाहिजेत. या तिन्ही गोष्टी एका मिश्रणात बसत नाहीत. अंगाला पुरेल एवढं घट्ट प्लास्टिक घेतलं तर पाय काड्या होतात, आणि पायांना शोभेल एवढं मऊ घेतलं तर अंग पहिल्याच माशाला फाटतं. मी स्वतः पहिले दोन हंगाम याच हट्टात घालवले. आता तिन्ही भाग वेगवेगळे ओततो, प्रत्येकाचा मऊपणा वेगळा ठेवतो आणि उष्णतेने सांधतो. ऐकायला हे जास्त काम वाटतं, पण फुकट गेलेले ओत मोजले तर कमीच आहे.

आधी एक आडवळण. शेपटी आणि पाय असलेच पाहिजेत असं काही नाही. अमेरिकेत ओहायोतल्या अ‍ॅक्रन गावी 1949 साली निक क्रीम आणि त्यांची पत्नी कॉस्मा यांनी घरीच विनाइल, तेल आणि रंग तापवून प्लास्टिकचं गांडूळ ओतलं. त्याला ना पाय होते ना वल्ह्यासारखी शेपटी. तरी ते चाललं. म्हणून लुअरला काहीही जोडण्याआधी मी स्वतःला विचारतो, हे पाण्यात काय काम करणार? उत्तर नसेल तर तो दागिना. दागिन्याला मासा भुलत नाही, फार तर लुअर बनवणारा भुलतो.

आता शेपटी. वल्ह्यासारखी शेपटी, म्हणजे टोकाला गोल चपटी चकती असलेली, हलते कशी? चकतीवर समोरून पाणी आदळतं आणि तिच्या कडांवरून आळीपाळीने भोवरे सुटतात, एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून. त्या आळीपाळीच्या ओढीने चकती इकडून तिकडे फेकली जाते. पण ती फेकली जायला तिच्या पुढचा भाग वाकायला हवा. त्या भागाला मी मान म्हणतो. शेपटी न हलण्याची दहातली नऊ कारणं मानेत सापडतात. चकती कितीही मोठी करा, मान जाड असेल तर ती नुसती ब्रेक लावते.

मान डावी-उजवीकडे वाकायला हवी, वर-खाली नाही. म्हणून ती गोल ठेवू नका, उभी चपटी ठेवा: बाजूंनी बारीक, उंचीला जाड. 10 सेंटीमीटर लुअरला मी मान बाजूंनी साधारण 3 मिलिमीटर आणि उंचीला 5 मिलिमीटर ठेवतो, चकती 10 ते 12 मिलिमीटरची. हा माझा हिशोब आहे, तुमच्या मिश्रणाच्या मऊपणाप्रमाणे थोडा सरकेल. मान आधी जाडच ओता. मग बादलीत ओढून बघत दोन्ही बाजूंनी सारखी, थोडी थोडी कापत आणा. कापलेलं परत येत नाही, म्हणून एका वेळी कागदाच्या जाडीएवढंच काढा. एका क्षणी शेपटी अचानक जिवंत होते, हात थांबवायची जागा तीच. त्यापुढे कापलं तर ती सावकाश ओढताना छान हलेल, पण पहिल्याच चाव्याला तुटून माशाच्या तोंडात जाईल.

गुंडाळी शेपटी, म्हणजे कोयत्यासारखी वळलेली पातळ पट्टी, अगदी हळू ओढीवरही हलते, खाली बुडतानाही हलते. तिचं सगळं रहस्य पातळपणात आहे. मुळाशी 2 मिलिमीटर, कडेला 1 मिलिमीटर किंवा त्याहून कमी. घरी ओतलेल्या गुंडाळ्या बहुतेक वेळा फसतात त्या जाडीमुळे, कारण उघड्या साच्यात प्लास्टिक काठोकाठ फुगून बसतं. ओतल्यावर लगेच, अजून गरम असतानाच, साच्याच्या पाठीवरून धातूची सरळ पट्टी ओढून जास्तीचं काढून टाका. उरलेली कड थंड झाल्यावर कात्रीने.

पायांचं काम वेगळं. जोरात ओढलं की सगळे पाय अंगाला चिकटून मागे पडतात आणि काहीच करत नाहीत. पाय कामाला येतात ते लुअर बुडताना आणि तळाशी थांबलेलं असताना. पडताना ते वर उचलले जातात, थरथरतात, आणि पाण्याला अडवून बुडण्याचा वेग कमी करतात. म्हणून भराभर ओढायच्या लुअरला आठ पाय लावण्यात अर्थ नाही, तिथे शेपटी हवी. तळाशी सरकवायच्या लुअरला दोन-तीन जोड्या पाय भरपूर झाल्या. मासा पाय मोजत नाही.

सांध्याकडे येण्याआधी प्लास्टिकबद्दल सांगावं लागेल, कारण सांधा म्हणजे ओतकामाचीच छोटी आवृत्ती आहे. आपण वापरतो तो प्लास्टिसोल म्हणजे पीव्हीसीची बारीक भुकटी प्लास्टिसायझर नावाच्या तेलकट द्रवात मिसळून ठेवलेली. थंड असताना ते मिश्रण दुधी दिसतं. तापवलं की भुकटीचे कण ते तेल पिऊन फुगतात आणि सगळं खळीसारखं घट्ट होतं. नवा माणूस इथे हमखास घाबरतो, बिघडलं म्हणून फेकून देतो. बिघडलेलं नसतं. आणखी तापवा, 165 ते 177 अंश सेल्सिअसच्या दरम्यान ते पुन्हा पातळ आणि पारदर्शक होतं. कण एकमेकांत विरघळून एकजीव झाल्याची ती खूण. त्या तापमानाला न पोचलेलं प्लास्टिक थंड झाल्यावर धुरकट दिसतं आणि ओढलं की कडकन तुटतं. उलट 190 च्या पुढे गेलं की पिवळं पडतं, मग तपकिरी, आणि हायड्रोजन क्लोराइडची झोंबणारी वाफ सोडायला लागतं. डोळ्यांनी अंदाज करू नका, थर्मामीटर घ्या.

मऊपणासाठी तयार मध्यम प्लास्टिसोल घेऊन त्यात सॉफ्टनर, म्हणजे प्लास्टिक मऊ करणारा द्रव, घालायचा. अंगाला मी काहीच घालत नाही, शेपटीला 10 भागांस 1 भाग, पायांना 10 भागांस 2 भाग. वजनासाठी अंगात वस्त्रगाळ केलेलं कोरडं मीठ, वजनाच्या 10 ते 15 टक्के. शेपटीत आणि पायांत मीठ अजिबात नाही. मिठाचे कण पातळ भागात आरपार येतात आणि तो भाग तिथूनच फाटतो. अंगाचा जो टोकाचा भाग शेपटीला जोडायचा आहे तोही बिनमिठाचा ठेवा. आधी टोकाचा सेंटीमीटरभर भाग साध्या प्लास्टिकचा ओता आणि तो गरम असतानाच मागून मिठाचं मिश्रण सोडा, दोन्ही आपोआप एकजीव होतात. सांध्याच्या तोंडावर मीठ असलं की तेवढ्या जागी प्लास्टिकला प्लास्टिक लागतच नाही. चमक घालायची तर उष्णता सहन करणारीच घ्या. हस्तकलेसाठी मिळणारी चमक गरम प्लास्टिकमध्ये आकसते, रंग सोडते.

सुरक्षिततेचं आता सांगतो, कारण पुढच्या कामात ज्योत आहे. जागा उघडी, हवा खेळती, तोंडावर सेंद्रिय वाफा आणि आम्लवायू अडवणाऱ्या डब्यांचा मास्क. नुसता कापडी मास्क वाफेला अडवत नाही. डोळ्यांवर चष्मा, पूर्ण बाह्या, जाड हातमोजे. ज्या भांड्यात किंवा मायक्रोवेव्हमध्ये प्लास्टिक तापवलं त्यात पुन्हा कधीही खाण्याचं काही तापवायचं नाही. आणि पाणी! साच्यात, ढवळायच्या काडीवर, भांड्याच्या तळाला, कुठेही थेंब नको. एकदा घाईत मी आदल्या दिवशी केलेल्या प्लास्टरच्या साच्यात ओतलं. वरून साचा कोरडा वाटत होता. आतल्या ओलीची वाफ झाली, आणि फटकन उडालेला प्लास्टिकचा गोळा हातमोज्याच्या वर, मनगटावर येऊन बसला. गरम प्लास्टिक चिकटून राहतं, भाजतच राहतं. ते ओढून काढायचं नाही, सालटं निघतं. वाहत्या थंड पाण्याखाली हात धरायचा आणि डॉक्टरकडे जायचं. तेव्हापासून मी साचा काट्यावर ठेवतो. मंद उबेत सुकवायचा, दर काही तासांनी वजन करायचं. दोन वेळा वजन तेच आलं की साचा सुकला. मात्र सुकवायला कडक आच देऊ नका. 100 अंशांच्या पुढे प्लास्टर आपलं बांधलेलं पाणीही सोडायला लागतं आणि भुगभुगीत होतं. सुकल्यावर पाण्याने निम्मा पातळ केलेल्या पांढऱ्या गोंदाचे दोन-तीन हात, आणि तेही पूर्ण सुकू द्या.

पायांच्या दोऱ्या करायला साचा लागतच नाही. एक सपाट सिलिकॉनची चटई पक्क्या पाटावर पसरा, दोन बाजूंना दीड मिलिमीटर जाडीच्या धातूच्या पट्ट्या ठेवा, मध्ये मऊ मिश्रण ओता आणि पट्ट्यांच्या आधाराने वरून सपाट कड ओढा. थंड झालं की दीड मिलिमीटर जाडीचा पापुद्रा मिळतो. धारदार पात्याने त्याच्या दीड ते दोन मिलिमीटर रुंद पट्ट्या कापा. पातं ओढू नका, वरून दाबा. ओढलं की मऊ प्लास्टिक पात्याबरोबर सरकतं आणि पट्टी नागमोडी होते. चौकोनी कापलेले पाय गोल पायांपेक्षा जास्त फडफडतात असा माझा अनुभव आहे. पट्टीला एक सैल गाठ मारली की गुडघा तयार होतो. गाठीच्या पुढचा भाग वेगळाच नाचतो. बेडकासारख्या लुअरला हे मला साच्यातल्या पायापेक्षा जास्त आवडतं.

आता सांधा. साधनं थोडी आहेत: स्पिरिटचा दिवा, पातळ सपाट पातं, चिमटा, ओलं फडकं आणि बाजूला गार पाण्याची वाटी. स्पिरिटची बाटली बूच लावून दूर ठेवायची, टेबलावर नाही. आधी दोन्ही तोंडं नव्या पात्याने ताजी कापून घ्या. लुअरला तेल लावलेलं असेल तर साबणाच्या पाण्याने धुवून पूर्ण कोरडं करा. तेलावर सांधा बसत नाही. तोंडं सरळ कापण्यापेक्षा तिरकी कापा, चिकटायला जागा जास्त मिळते. पण दोन्हींचा तिरकेपणा जुळला पाहिजे.

पातं ज्योतीवर तापवा, पण लाल नाही. लाल पात्यावर प्लास्टिक धूर सोडतं आणि करपतं. करपलेला थर सांध्याच्या मध्ये राहिला की सांधा तिथेच उघडतो. पारख करायला एक टाकाऊ तुकडा पात्याला टेकवा: लगेच चकाकी येऊन कड पातळ व्हावी, धूर येऊ नये. आता डाव्या हातात अंग, उजव्या हातातल्या चिमट्यात शेपटी, आणि पातं मध्ये उभं धरलेलं, त्याची मूठ एखाद्या छोट्या शिकंज्यात अडकवून. दोन्ही तोंडं पात्याच्या दोन बाजूंना एकाच वेळी टेकवा. दोन ते तीन सेकंदांत तोंडाच्या कडेला ओलसर चमक दिसते, आणि पात्याच्या काठाशी बारीक मणी जमा होतो. तो मणी दिसला की दोन्ही तुकडे पात्याच्या टोकाकडे सरकवत नेत, पातं संपताक्षणी एकमेकांवर दाबा. मधे हवेत जाऊ देऊ नका. एका श्वासात साय धरते आणि वितळलेलं तोंड बंद होतं. दाबताना सांध्याभोवती प्लास्टिकची बारीक कड बाहेर आली पाहिजे. ती सगळीकडून आली म्हणजे मधे पोकळी नाही. दहा सेकंद हलवायचं नाही. मग हलकेच गार पाण्यात. पातं प्रत्येक सांध्यानंतर आधी थोडं निवू द्या, मग ओल्या फडक्याने पुसा आणि पुन्हा वापरण्याआधी कोरडं करा.

सुरुवातीला तुमचे दहातले सात सांधे वाकडे बसतील. हातांच्या दोन हालचाली एकाच क्षणी जुळवायच्या असतात. सराव जुन्या फाटक्या लुअरच्या तुकड्यांवर करा. तपासायचं असं: सांधा पूर्ण थंड झाल्यावर, शक्यतो दुसऱ्या दिवशी, दोन बोटांत धरून पिळा आणि ओढा. चांगला सांधा कधीच सांध्याच्या रेषेत तुटत नाही, शेजारचं प्लास्टिक फाटतं. रेषेत स्वच्छ, गुळगुळीत उघडला तर तोंड नीट वितळलं नव्हतं. रेषेत तपकिरी डाग दिसले तर पातं जास्त तापलं होतं. उघडलेला सांधा फेकण्याआधी भिंगाखाली बघा, चूक तिथे लिहिलेली असते.

सांधा कुठे घ्यायचा हेही महत्त्वाचं. गळाचं टोक जिथून अंगाबाहेर येतं त्या जागेवर कधीच नको, गळ त्याला पाचरीसारखा फोडतो. मी गळाच्या टोकाच्या मागे निदान सेंटीमीटरभर अंतर ठेवतो. पण फार मागे नेलं तर शेपटी लांब होते आणि मासा नुसती शेपटी चावून जातो. हे दोन्ही सांभाळायचं, म्हणून गळ आधी बाजूला ठेवून मोजा, मग कापा.

पाय असे तोंडाला तोंड लावून जोडू नका, ते फार बारीक असतात. त्यापेक्षा आरपार ओवा. बारीक पोकळ धातूची नळी घ्या, पट्टी आत जेमतेम सरकेल एवढी. नळीचं टोक थोडं तापवून अंगातून एका बाजूने दुसऱ्या बाजूला आरपार काढा. पट्टी नळीत सरकवा, नळी मागे ओढून घ्या. पट्टी अंगात राहते, आणि एका पट्टीचे दोन पाय होतात, डावा आणि उजवा. दाभणाने आधी भोक पाडून मग पट्टी ढकलायचा प्रयत्न मी पुष्कळ केला. मऊ पट्टी भोकात गोळा होऊन बसते, जात नाही. नळीने ते भांडणच मिटतं. आता दोन्ही बाजूंना, पाय जिथून बाहेर येतो त्या मुळाशी, तापलेल्या जाड सुईच्या टोकाने हलका चटका द्या. पायाची कड आणि अंगाचं भोक एकत्र वितळून बंद झालं पाहिजे. चटका अंगाच्या बाजूला द्यायचा, पायाच्या नाही. पाय पातळ आहे, क्षणात करपून तुटतो. आणि समजा हा सांधा एका बाजूचा सुटला, तरी पाय निघत नाही, कारण तो अंगातून आरपार गेलेला आहे. सुपरग्लूने चिकटवलेल्या पायाला ही सोय नसते.

सुपरग्लूबद्दल तुम्ही विचारलंच होतं. तो धरतो, पण सुकल्यावर काचेसारखा कडक होतो. मऊ रबरात काचेची पट्टी बसवल्यासारखं होतं: दोन्ही बाजू वाकतात, मधला थर वाकत नाही, आणि काही फेकींनंतर कडेपासून सुटत जातो. शिवाय तो कडक ठिपका शेपटीच्या मानेजवळ आला तर शेपटी हलणंच बंद. मऊ प्लास्टिकसाठी मिळणारा विरघळवणारा गोंद वेगळा, तो दोन्ही तोंडं मऊ करून एकमेकांत मिसळवतो. पाण्याच्या काठावर, दिवा नसताना, फाटलेलं लुअर सांधायला तो झोळीत असावा. घरी मात्र उष्णताच.

वेगळे भाग करून सांधण्याचा खरा फायदा नांग्यांत दिसतो. खेकड्याच्या किंवा झिंग्याच्या लुअरला नांग्या ओतताना मिश्रणात काचेचे सूक्ष्म पोकळ गोळे मिसळा. ही भुकटी इतकी हलकी असते की नांगी पाण्यात तरंगायला लागते. भुकटी हाताळताना धुळीचा मास्क घाला, ती श्वासात जाता कामा नये. या तरंगत्या नांग्या मिठाच्या जड अंगाला सांधा. आता लुअर तळाला टेकलं की अंग खाली बसतं आणि नांग्या वर उठून राहतात, डिवचलेल्या खेकड्यासारख्या. तुम्ही काहीही न करता ते लुअर तिथे उभं असतं. एका ओतात हे कधीच साधणार नाही. नांगी जिथे सांधाल तिथे एक पातळ पापुद्रा ठेवा, बिजागरीसारखा, म्हणजे ओढीवर ती फडफडेलही. पहिल्यांदा असं लुअर बादलीत सोडलं तेव्हा मी ते अर्धा तास नुसतं बघत बसलो होतो.

एक मोठा सापळा: जे मऊ दिसतं ते सगळं पीव्हीसी नसतं. काही लुअर थर्मोप्लास्टिक इलॅस्टोमरची असतात. ती कित्येक पट ताणली जातात आणि पाण्यात तरंगतात. त्यांची शेपटी पीव्हीसीच्या अंगाला सांधली जाणार नाही, आणि दोन्ही एका पिशवीत ठेवली तर एकमेकांना वितळवून चिकट लगदा करतील. सिलिकॉनच्या तयार दोऱ्यांचे पायही सुंदर हलतात, पण सिलिकॉनला ना साधा गोंद चिकटतो ना उष्णतेने सांधा बसतो. ते नळीने ओवायचे आणि अंगाच्या भोकाच्या घट्टपणावर सोडायचे, किंवा मधोमध गाठ मारून भोकात ओढून बसवायचे.

तरीही पाय साच्यातच हवे असतील तर दोन गोष्टी. प्लास्टर थंड असतं आणि प्लास्टिकची उष्णता पटकन शोषतं, म्हणून बारीक खाच भरण्याआधीच प्लास्टिक गोठतं. साचा 50-60 अंशांपर्यंत कोमट करा, मिश्रण 177 अंशांच्या जवळ ठेवा, आणि आधी खाचा भरा, मग अंग. खाचेत अडकलेली हवा सुईने टोचून काढा. दुसरी गोष्ट, प्लास्टरऐवजी उष्णता सहन करणाऱ्या सिलिकॉनचा साचा करा. त्यातून बारीक पाय न तुटता निघतात, कारण साचाच वाकतो. मातीचा नमुना करणार असाल तर गंधक असलेली माती टाळा. प्लॅटिनम जातीचं सिलिकॉन तिच्यावर घट्टच होत नाही, वर चिकट थर राहतो.

चाचणी नेहमी घरात, मोठ्या टबात. गळ लावून, दोरा बांधून ओढा. लुअर गोल गोल फिरत असेल तर दोष शेपटीत शोधण्याआधी गळ अंगाच्या मधोमध आहे का बघा. मग सांधा एका बाजूला झुकलाय का. मग पायांची लांबी दोन्हीकडे सारखी आहे का. फिरणाऱ्या लुअरने दोऱ्याला पीळ पडतो आणि दिवस वाया जातो. शेपटी थोडी वाकलेली राहिली असेल तर लुअर चिमट्याने वाफाळत्या पाण्यात अर्धा मिनिट धरा, सपाट जागी सरळ ठेवून गार पाणी ओता. वाकडेपणा जातो.

साठवताना शेपटी दुमडू नका, प्लास्टिक ती घडी लक्षात ठेवतं. गडद आणि फिके रंग वेगळे ठेवा, गडद रंग फिक्यात उतरतो. पारदर्शक, कडक प्लास्टिकच्या डब्यात मऊ लुअर ठेवली तर प्लास्टिसायझर डब्यालाच खातो, पॉलिथिनची पिशवी बरी. आणि पाण्यात तुटलेली शेपटी दिसली तर उचला. माशाच्या पोटात ती पचत नाही. फाटक्या लुअरची एक बरणी ठेवा, रंगवार. पुन्हा वितळवताना थोडा सॉफ्टनर घालावा लागतो, कारण प्रत्येक तापवणीत ते थोडं घट्ट होतं. मिठाची लुअर लवकर पिवळी पडतात, त्यांची बरणी वेगळी. माझ्या सरावाच्या सांध्यांसाठी तुकडे अजूनही याच बरणीतून येतात.